बेसिक की स्टँडर्ड? गणिताचा निर्णय घेण्याआधी

पावसाळा सरत आला की सीबीएसईच्या शाळांमधून दहावीच्या मुलांची नावे मंडळाकडे पाठवण्याची घाई सुरू होते. त्या यादीत नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे यांच्याबरोबर एक छोटा रकाना असतो: गणित बेसिक की गणित स्टँडर्ड. बहुतेक घरांत हा रकाना पाच मिनिटांत भरला जातो. मुलगा म्हणतो, "वर्गातले सगळे बेसिक घेतायत." आई म्हणते, "टक्के तरी चांगले येतील." बाबा ऑफिसला निघालेले असतात. सही होते आणि विषय संपतो.

विषय तिथे संपत नाही, असे आम्हाला वाटते. इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर इथल्या आपल्या मराठी घरांमध्ये सध्या जी मुले आठवी ते बारावीत आहेत, त्यांच्या पुढच्या वाटा ठरवण्यात गणिताचा वाटा मोठा आहे. नियम मात्र गेल्या पाच-सहा वर्षांत इतके बदलले की आपल्या वेळच्या अनुभवावरून दिलेला सल्ला आता पुरत नाही. म्हणून हे नियम काय आहेत, त्यांच्यामागे काय विचार आहे, गणित सोडल्याने कोणती दारे बंद होतात, कोणती उघडी राहतात आणि कोणती फक्त उघडी दिसतात, हे एकदा नीट मांडून पाहू.

दोन पातळ्या म्हणजे नेमके काय

सीबीएसईने दहावीच्या गणिताच्या दोन पातळ्या २०१९-२० या सत्रापासून सुरू केल्या आणि मार्च २०२० च्या परीक्षेत पहिल्यांदा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका निघाल्या. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. बेसिक म्हणजे कमी अभ्यासक्रम, असे पुष्कळ पालक धरून चालतात. तसे नाही. पुस्तक एकच, धडे तेच, वर्गात शिकवणे तेच, शाळेच्या हातातले वीस गुणही तसेच. फरक फक्त ऐंशी गुणांच्या लेखी प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात आहे. बेसिकमध्ये थेट सूत्र वापरून सुटणारी उदाहरणे जास्त असतात. स्टँडर्डमध्ये दोन-तीन कल्पना जोडून विचार करायला लावणारे प्रश्न अधिक असतात.

यामागचा विचार चुकीचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणितापासून सुरुवात करून विषय दोन पातळ्यांवर देता येतील असे म्हटले आहे. ज्याला पुढे चित्रकला, भाषा, इतिहास किंवा संगीत यांत जायचे आहे, त्याने त्रिकोणमितीच्या अवघड उदाहरणापायी दहावीत नापास का व्हावे, हा प्रश्न रास्तच आहे. आपल्यातल्या कितीतरी गुणी मुलांचे शिक्षण पूर्वी मॅट्रिकच्या गणिताने थांबवले, हे जुन्या पिढीतल्या सभासदांना सांगायला नको.

अडचण पुढे आहे. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेऊन उत्तीर्ण झालेल्याला अकरावीत गणित घेता येत नसे. त्यासाठी पुन्हा स्टँडर्डची परीक्षा द्यावी लागे. कोविडच्या काळात यात सवलत मिळाली आणि पुढे ती वाढवत नेली गेली. मात्र मुलाला अकरावीचे गणित झेपेल की नाही याची खात्री मुख्याध्यापकांनी करून घ्यावी, असे मंडळाने शाळांना कळवले. म्हणजे कागदावर दार उघडे आहे, पण त्याची किल्ली शाळेच्या हातात आहे आणि सवलतीचे परिपत्रक त्या त्या वर्षापुरते असते. ज्यांच्या घरी यंदा हा रकाना भरायचा आहे, त्यांनी चालू वर्षाचे परिपत्रक शाळेत मागून वाचावे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नये.

मध्य प्रदेश मंडळातही आता दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन प्रश्नपत्रिका आहेत, गुजरात मंडळातही आहेत. आपल्या मंडळात याआधी काही वर्षे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' होते. सहापैकी पाच विषयांत उत्तीर्ण झाले की दहावी पास. सवलत भल्याच्या हेतूने होती, पण सोडायचा सहावा विषय पुष्कळदा गणितच असे. शेजारी महाराष्ट्रात २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून एक प्रस्ताव पुढे आला: दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुणांवरही उत्तीर्ण धरावे, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि त्या मुलाने पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेऊ नये. त्यावर बराच वाद झाला. राज्ये वेगळी, मंडळे वेगळी, पण दिशा एकच दिसते. गणितात नापास होणाऱ्यांची संख्या कमी करायची, आणि त्याची किंमत म्हणून पंधराव्या वर्षीच मुलांच्या दोन रांगा करायच्या.

आमचा आक्षेप दोन रांगांना नाही. रांग निवडताना ती पुढे कुठे जाते हे मुलाला कोणी सांगत नाही, याला आहे.

कोणती दारे बंद, कोणती उघडी

सरळ सांगायचे तर काही दारे बारावीत गणित नसेल तर बंदच होतात. इंजिनीअरिंगच्या मुख्य शाखा हे पहिले. मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईने बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसले तरी इंजिनीअरिंगला प्रवेश देता येईल असे जाहीर केले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. पुढच्याच वर्षी सुधारित यादी आली. फॅशन टेक्नॉलॉजी, पॅकेजिंग टेक्नॉलॉजी यांसारख्या मोजक्या अभ्यासक्रमांना गणित सक्तीचे राहिले नाही, पण मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर या शाखांना ते लागतेच. तेव्हा "आता इंजिनीअरिंगला गणित लागत नाही" हे वाक्य अजून कानावर आले तर ते अर्धवट ऐकलेले आहे असे समजावे. जेईई मेनच्या तीनशे गुणांपैकी शंभर गणिताचे आहेत.

एनडीएत हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेच्या नऊशे गुणांतले तीनशे गणिताचे असतात आणि तो पेपर अकरावी-बारावीच्या गणितावर असतो. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्या घरांतल्या मुलींना हे दार नव्याने उघडले आहे. पण आठवीत "तिला कशाला गणिताचा ताप" म्हणून ज्या मुलीचे गणित सुटले, तिच्यासाठी ते उघडूनही न उघडल्यासारखेच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्रात बी.ए. ऑनर्स करायचे तर सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावा लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या अभ्यासक्रमांना बारावीचे गणित हवेच. तिथे निवडलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतनही मिळते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

आता दुसरा प्रकार, आणि आमच्या मते फसगत इथेच जास्त होते. ही दारे उघडी दिसतात, पण उंबरठ्यावर गणित बसलेले असते.

आपल्या घराजवळचेच उदाहरण घ्या. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला. बारावीनंतर थेट व्यवस्थापनाचे शिक्षण, तेही आपल्या गावात, म्हणून कॉमर्सच्या मुलांना त्याचे मोठे आकर्षण आहे. बारावीला गणित असलेच पाहिजे अशी अट नाही. पण प्रवेश परीक्षेचे तीन भाग असतात आणि त्यातले दोन संख्यात्मक क्षमतेचे, म्हणजे गणिताचे. अकरावीत गणित सोडलेला मुलगा फॉर्म भरू शकतो. परीक्षेत मात्र त्याला दोन वर्षे गणित केलेल्यांशी स्पर्धा करावी लागते.

सीए व्हायचे म्हणणाऱ्या मुलांचेही तेच. "कॉमर्सला गणित लागत नाही" हे वाक्य आपल्याकडे वडीलधाऱ्या सुरात सांगितले जाते. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पूर्ण शंभर गुणांचा पेपर व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. कायद्याच्या क्लॅटमध्येही सुमारे दहा टक्के प्रश्न आकडेमोडीचे. बँकेच्या परीक्षा, स्टाफ सिलेक्शन, एमबीएची कॅट, यूपीएससीची सीसॅट, सगळीकडे दहावीपर्यंतचे गणित पुन्हा भेटते. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासांत बावीस-चोवीस वर्षांची पदवीधर मुले आज काय शिकत असतात? नफा-तोटा, काळ-काम-वेग, टक्केवारी. सातवी-आठवीत जे शे-दोनशे रुपयांच्या सराव वहीत झाले असते, त्यासाठी आता हजारो रुपये मोजावे लागतात.

डॉक्टरकीचा विचार करणाऱ्या घरांत तर गणित आधी सुटते. नीटमध्ये गणिताचा पेपर नाही हे खरेच. पण १८० प्रश्नांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे असतात आणि सदिश, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती यांच्याशिवाय ते हलत नाही. जीवशास्त्राच्या आवडीने भोपाळच्या आयसरला जाऊ पाहणाऱ्या मुलाला तिथल्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राइतकेच, म्हणजे पंधरा, प्रश्न गणिताचे मिळतात. मानसशास्त्र हा सध्या मुलींचा आवडता विषय आहे. त्यात पदवीपासून संख्याशास्त्र असते, हे प्रवेश घेतल्यावर कळते.

कॉमर्सवाल्यांसाठी मधली वाट

एक चांगली सोय मात्र झाली आहे आणि तिचा बोलबाला कमी आहे. सीबीएसईने २०२०-२१ पासून अकरावी-बारावीला उपयोजित गणित, म्हणजे अप्लाइड मॅथेमॅटिक्स, हा स्वतंत्र विषय दिला. त्यात कर्जाचे हप्ते, गुंतवणूक, निर्देशांक, संभाव्यता, नमुना निवड, आकडेवारीचे अर्थ लावणे हे भाग आहेत. कॉमर्स, अर्थशास्त्र, व्यवस्थापन यांकडे जाणाऱ्यांना तो नेमका उपयोगी आहे आणि सीयूईटीतही गणित-उपयोजित गणित असा पेपर आहे. इंजिनीअरिंगचा विचार मनात असेल तर मात्र मूळ गणितच घ्यावे. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. शाळेत हा विषय शिकवला जातो का, हे अकरावीचा प्रवेश घेण्याआधी विचारा. सगळ्या शाळांत तो नाही. पालकांनी मागणी केली तर शाळा विचार करतात.

या गणिताचा घरात काय उपयोग, असे कोणी विचारील तर एक हिशेब पाहा. फ्लॅटसाठी ३० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६,९९२ रुपये. २४० हप्त्यांचे एकूण होतात जवळजवळ ६४ लाख ७८ हजार. म्हणजे मुदलापेक्षा व्याज जास्त. हा आकडा बँकेच्या कागदावर कुठेतरी असतोच, पण तो कसा येतो हे समजणारा माणूस मुदत कमी करण्याचा किंवा मधेच रक्कम भरण्याचा फायदा स्वतः मोजू शकतो. किंवा दुकानातले उदाहरण: आधी वीस टक्के भाव वाढवून मग वीस टक्के सूट दिली, तर ग्राहक आणि दुकानदार पूर्वीच्याच भावावर येत नाहीत. शंभराचे एकशेवीस आणि एकशेवीसचे शहाण्णव होतात. दर टक्क्याला "कशाचे टक्के?" हा प्रश्न विचारण्याची सवय हेच खरे व्यवहारी गणित.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे. समजा एखादा आजार शंभरात एकाला आहे आणि त्याची चाचणी नव्वद टक्के वेळा बरोबर उत्तर देते. एखाद्याची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक नव्वद टक्के म्हणतील. हजार माणसे धरा. आजारी दहा. त्यांतले नऊ चाचणीत सापडतात. निरोगी ९९०, त्यांतल्या दहा टक्क्यांची, म्हणजे ९९ जणांची, चाचणी चुकून पॉझिटिव्ह येते. एकूण पॉझिटिव्ह १०८ आणि खरे आजारी नऊ. म्हणजे शक्यता जेमतेम आठ टक्के. म्हणूनच डॉक्टर दुसरी चाचणी सांगतात. ज्याला हे कळते तो पहिल्या कागदाने हातपाय गाळत नाही आणि दुसरी चाचणी टाळतही नाही. डॉक्टर होणाऱ्याला तर हे कळायलाच हवे.

मुले नेमकी कुठे अडतात

गणित दहावीत अवघड होते असे आपण समजतो. खरे तर दहावीत ते फक्त उघडे पडते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांना साधा भागाकार करता आला. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या आपल्या मुलांचे आकडे वेगळे असतील, पण अडण्याच्या जागा त्याच असतात. पहिली जागा पाचवी-सहावीतले अपूर्णांक. दुसरी सातवी-आठवीतल्या ऋण संख्या आणि अक्षरांचे गणित. तिसरी नववीतली सिद्धता, जिथे उत्तर काढायचे नसून ते का खरे आहे हे सांगायचे असते. यातली एखादी पायरी निसटली की पुढचे सारे पाठांतर होते. मग मूल म्हणते "मला गणित आवडत नाही", आणि घरात म्हणतात "आमच्याकडे कुणालाच नव्हते." गणित काही घराण्यात उतरत नाही. निसटलेली पायरी शोधून तिथून पुन्हा चढले तर सहा महिन्यांत फरक पडतो. पण त्यासाठी नववीच्या मुलाला सहावीचे पुस्तक उघडायला लाज वाटू नये, असे वातावरण घरात लागते.

आपल्या मुलांपुढे आणखी एक वेगळी अडचण असते, तिच्याकडे महाराष्ट्रातल्या तज्ज्ञांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. आजी म्हणते 'अपूर्णांक', हिंदीच्या बाई म्हणतात 'भिन्न' आणि शाळेच्या पुस्तकात असते 'फ्रॅक्शन'. आजीचा 'काटकोन' शाळेत 'समकोण' होतो आणि पुस्तकात 'राइट अँगल'. घरी 'वजाबाकी', बाहेर 'घटाना', वर्गात 'सबट्रॅक्शन'. शिवाय संख्यांची नावे. मराठीत एकोणसाठ, हिंदीत उनसठ, इंग्रजीत फिफ्टी नाइन. पहिल्या दोहोंत साठाला एक कमी, तिसऱ्यात पन्नासावर नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असे वाचण्याचा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विषय समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे सांगितले होते की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्याने लहान मुले गोंधळतात. त्यांची सूचना पटो वा न पटो, गोंधळ खरा आहे आणि आपल्या मुलांसाठी तो तिप्पट आहे.

पण याच अडचणीत एक संधीही आहे, असे आम्ही मानतो. ज्या मुलाला एकच गोष्ट तीन भाषांत सांगता येते, त्याला ती गोष्ट शब्दापलीकडे समजलेली असते. 'पाव', 'निम्मे', 'पाऊण', 'सव्वा', 'दीड', 'अडीच' हे शब्द मराठी घरात रोज कानावर पडतात. इंग्रजी शाळेतल्या मुलाला 'वन अँड अ क्वार्टर' पाठ करावे लागते, आपल्या मुलाने सव्वा किलो श्रीखंड आणलेले असते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी अजून पाठ असलेले आजी-आजोबा आपल्यात आहेत. ते पाढे नातवंडांना घोकायला लावावेत असे आमचे म्हणणे नाही. पण 'पाऊण पाचा पावणेचार' कसे होते हे नातवाबरोबर बसून कागदावर मांडले, तर अपूर्णांकाची भीती जाण्यासाठी वेगळा क्लास लागणार नाही.

आपल्या मातीतले दोन गणिती

मोठे गणित पुण्या-मुंबईत किंवा परदेशातच होते, असा एक समज आपल्या मुलांत असतो. श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० चा, उज्जैनचा. ते वाढले ग्वाल्हेरला, वडील तिथे गणिताचे प्राध्यापक. पुढे मुंबईहून हार्वर्डला गेले, ऑस्कर झारिस्की यांच्याकडे पीएच.डी. केली आणि बीजभूमितीत जगभर नाव मिळवले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक दशके शिकवले आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले.

दुसरे शरच्चंद्र श्रीखंडे. जन्म १९१७, गाव सागर, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातले. १७८२ साली ऑयलर या थोर गणितीने एक अंदाज मांडला होता. चौकटीत दोन प्रकारची चिन्हे अशी मांडायची की प्रत्येक रांगेत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे आणि कोणतीही जोडी पुन्हा येऊ नये. सहा, दहा, चौदा अशा आकारांच्या चौकटीत हे जमणार नाही, असे ऑयलरचे म्हणणे होते. १९५९ मध्ये आर. सी. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवून दिले की सहाचा अपवाद सोडला तर पुढे ते जमते. पावणेदोनशे वर्षे टिकलेला अंदाज खोटा ठरला आणि त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली.

हा नुसता चौकटींचा खेळ नव्हे. शेतात कोणते बियाणे, कोणते खत चांगले हे तपासताना जमिनीचा उतार-चढाव आणि ओलावा यांमुळे निकाल बिघडू नये म्हणून वाफे अशाच चौकटींत आखतात. माळव्यात सोयाबीनच्या जाती तपासताना जे प्रयोग आखले जातात, त्यामागचे शास्त्र याच घराण्यातले. सातारा जिल्ह्यातले पांडुरंग सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी देशात नमुना पाहणीची पद्धत रुजवली, तीही याच शास्त्राची दुसरी शाखा. तेव्हा "गणित शिकून करणार काय?" याला एक उत्तर म्हणजे आपल्या शहराभोवतीची शेते.

यंत्र गणित करील, मग मुलाने का?

हा प्रश्न आता नववीतली मुलेही विचारतात. फोनने उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट समोर येते. गृहपाठ होतो, वही भरते, शिकवणीचे सर खूश. परीक्षेत मात्र फोन नसतो. पण आम्हाला परीक्षेपेक्षा वेगळी चिंता आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही साधने ज्या पायावर उभी आहेत तो पाया म्हणजे रेषीय बीजगणित, कलन आणि संभाव्यता. हा पाया ज्यांना कळतो ते साधने घडवतील, तपासतील, त्यांची चूक पकडतील. ज्यांना कळत नाही ते समोर आलेले उत्तर छापून देतील. यंत्र आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते तेव्हा "हे येऊच कसे शकते?" असे म्हणणारा माणूस कार्यालयात एखादाच असतो, आणि कामही पुढे त्याच्याकडेच जाते. यंत्र आल्यामुळे आकडेमोडीचे महत्त्व कमी झाले असेल, अंदाज बांधण्याचे आणि पडताळण्याचे वाढले आहे.

मग रकाना कसा भरावा

आमचे मत असे आहे. ज्या मुलाने कला, भाषा, संगीत यांची वाट मनापासून आणि विचार करून धरली आहे, किंवा ज्याच्यावर गणिताचा ताण इतका आहे की बाकीचे विषयही बुडतील, त्याने बेसिक घ्यावे. त्यात कमीपणा मानू नये, आणि नातेवाइकांनी लग्नकार्यात भेटल्यावर त्यावरून टोमणे मारू नयेत. पण ज्याची वाट अजून ठरलेली नाही, आणि पंधराव्या वर्षी बहुतेकांची ठरलेली नसते, त्याने शक्य तोवर स्टँडर्ड ठेवावे. टक्क्यांच्या भीतीला एक उतारही आहे. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला दोन परीक्षा ठेवल्या आहेत. पहिली सक्तीची, दुसरी ऐच्छिक, आणि तिच्यात तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात. एका दिवसाच्या पेपरवर सारे अवलंबून राहिलेले नाही.

अकरावीत गणित सोडायचे असेल तर सोडण्याआधी मुलाने तीन अभ्यासक्रमांची नावे कागदावर लिहावीत आणि त्या प्रत्येकाच्या प्रवेश परीक्षेत गणित किती आहे ते स्वतः शोधून काढावे. पालकांनी शोधून देऊ नये. हा शोध घेतानाच पुष्कळ मुले आपला निर्णय बदलतात किंवा पक्का करतात. दोन्ही चांगलेच.

आणि थोडे मंडळाच्या हातातलेही आहे. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्य घालवलेले आहेत, कारखान्यांत आणि संशोधन केंद्रांत काम केलेले आहेत. गणेशोत्सवात नाटक बसवायला आपण महिनाभर रोज संध्याकाळी जमतो. रविवारी सकाळी दोन तास सहावी ते आठवीच्या मुलांना घेऊन बसणारी चार माणसे आपल्यात निघणार नाहीत, असे आम्हाला वाटत नाही. शिकवणी नको, गुणांची हमी नको. मुलाची निसटलेली पायरी शोधायची आणि तिथे त्याच्याबरोबर थोडा वेळ थांबायचे, एवढेच. कोचिंगची फी परवडत नाही अशी घरे आपल्याही समाजात आहेत, आणि ती बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या मुलांना याचा उपयोग सर्वांत जास्त होईल.

ज्यांना यात वेळ देता येईल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. चार नावे आली की आपण सुरुवात करू.